गच्चीवरची चार भोकं

८ जुलै २०२५, मंगळवार

आबांच्या पलंगावर छत गळलं. थेंब थेंब नाही — धार! सकाळी साडेसहाला चहा घेऊन खोलीत गेले तर सासरेबुवा पलंगाच्या कडेला बसलेले, मांडीवर पातेलं धरून. गादी ओलीचिंब. "कधीपासून?" म्हटलं. "पहाटंपास्नं." हाक मारायची नाही का? "तू निजली व्हतीस." अठ्ठावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात काढली, कुणाला हाक मारायची सवयच नाही. सुनेची झोप मोडायची नाही, स्वतःचा दमा वाढला तरी चालतो!

युवराज पाचलाच मानेसरच्या कंपनीच्या बसला गेलेला. फोन केला तर म्हणे, "संडेला बघू यार." पाऊस काय याच्या रविवारची वाट बघत थांबणार आहे?

१० जुलै, गुरुवार

भिंतीवर काळा डाग. काल नव्हता एवढा. सुखदा म्हणाली, "मम्मा, दीवार पे भालू!" अस्वल म्हण गं, म्हटलं. चार वर्षांची आहे, फरीदाबादेत जन्मलेली, तिला अस्वल कुठून आठवणार? पण दिसतं खरं अस्वलासारखंच.

आबांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ये सीलन इनके फेफड़ों के लिए बहुत खराब है. या तो कमरा सुखाइए, या इनको वहाँ से हटाइए." हटवू कुठे? खाली भाडेकरू. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एका खोलीत आम्ही तिघं, दुसरीत आबा. सासूबाई त्याच पलंगावर गेल्या, त्यांचा फोटोही तिथेच. आबा त्या खोलीबाहेर पाऊल काढायला तयार नाहीत.

संध्याकाळी युवराज म्हणाला, "आपली खोली देऊ त्यांना. आपण तिकडे झोपू." मी नाही म्हटलं. पोरीला त्या ओलीत निजवू? मला चांगलं वाटलं असं नाही. पण नाही म्हटलं ते म्हटलं.

१२ जुलै, शनिवार

सापडलं! आबांच्या लोखंडी पेटीत, घराच्या कागदांखाली — गच्चीचं वॉरंटी कार्ड! मे २०१८ मध्ये सगळ्या गच्चीवर ती काळी शीट ज्वाळेनं चिकटवून घेतली होती, त्याचं. वर मोठ्या अक्षरात 'दस साल बेफ़िक्र'. म्हणजे २०२८ पर्यंत! मी अक्षरशः नाचले.

आबांना दाखवलं. चष्मासुद्धा न लावता परत दिलं. "त्येचा काय उपेग न्हाय. उगं कागूद फिरवू नगंस." का पण? तर खिडकीबाहेर बघत बसले. असा राग आला! यांच्यासाठीच धडपडतेय ना मी?

१३ जुलै, रविवार

दोन मिस्त्री येऊन गेले. दोघांचं एकच म्हणणं — बारिश में कोई हाथ नहीं लगाएगा, अक्टूबर में बुलाना. ऑक्टोबरपर्यंत आबांची छाती तग धरेल? कंपनीच्या कार्डात मात्र लिहिलंय, तक्रार मान्य झाली तर सात दिवसांत माणसं येतील, पावसातसुद्धा तात्पुरतं झाकून देतील. म्हणजे आता सगळी भिस्त या कार्डावर.

दुपारी बारीक अक्षर वाचायला बसले. आई गं! दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं नव्हेतच. दहा वर्षं फक्त त्या शीटची — शीट आपोआप फाटली, विरली तर. लावणाऱ्याच्या हातून काही चुकलं असेल तर दोनच वर्षं. ती २०२० सालीच संपली. खालच्या छताचे पोपडे, रंग, गादी, पलंग — यातलं काहीच नाही. गच्चीवर पाणी साचू दिलंत तर नाही. दर पावसाळ्याआधी गच्चीची पाणी जायची नाळी साफ करून कंपनीला कळवायचं, नाही कळवलंत तर त्यांची मर्जी. घर विकलंत आणि सांगितलं नाहीत तर वॉरंटी तिथेच संपली. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे!

मी शाळेच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे अर्ज तपासते. सही कुठे नाही, रकाना कुठे कोरा, सगळं दिसतं मला. आणि आपल्याच घराचा कागद सात वर्षांत एकदा उघडून पाहिला नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कार्ड मिळालं म्हणजे छप्पर राखलं गेलं, असं धरून चाललो आपण सगळे.

तरी शीट फाटली असेल तर अजून आशा आहे. युवराजनं नाळीही दरवर्षी साफ केलीय.

१५ जुलै, मंगळवार

कंपनीला फोन. पस्तीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक मुलगी, गोड आवाजाची. "मैम, फॉर्म भर दीजिए, मकान मालिक के साइन चाहिए." घर आबांच्या नावावर आहे. फॉर्म आला फोनवर, शाळेत छापून घेतला.

१६ जुलै, बुधवार

फॉर्ममधला सहावा प्रश्न: छत में कोई छेद, बोल्ट, खंभा या टावर लगाया गया है? कार्ड परत उघडलं. होतंच तिथे, शेवटच्या पानावर — शीटला भोक पाडलंत तर पूर्ण वॉरंटी रद्द. त्या जागेपुरती नव्हे, पूर्ण!

वर गेले. पाण्याच्या टाकीशेजारी उभा आहे तो गुढीचा पाइप. पुरुषभर उंचीचा, जाड, खाली लोखंडी पट्टी, चार बोल्ट. बोल्ट गंजलेत, भोवतीची शीट उलून वर आलीय, त्यात पाणी. आणि बरोब्बर त्याच्या खाली आबांचा पलंग.

आमच्या गल्लीत गुढी फक्त आमच्याकडे. शेजारचे अजून विचारतात, "आंटीजी, ये साड़ी किसकी टाँगी है?" पाडव्याला त्या पाइपात वेळू खोचला की गुढी अशी दिमाखात उभी राहते, कोपऱ्यावरच्या दुकानापासून दिसते. आबा खाली रस्त्यावर जाऊन, मान वर करून बघतात. फौजी माणूस, त्याला झेंड्याला खांब हवा होता, त्यानं तो उभा केला. मी तेव्हा कराडला माहेरी होते. परत आले तर पाइप उभा. लॉकडाऊनच्या पहिल्या दिवशीचा पाडवा, सगळी गल्ली चिडीचूप, आणि वर एकटी आमची गुढी!

त्या मिरवण्यापायी आज घर गळतंय.

१७ जुलै, गुरुवार

आबांना फॉर्म दिला सहीला. मी सहाव्या प्रश्नापुढे पेन्सिलीनं 'नहीं' लिहून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा लावला. ओळ न् ओळ वाचली. पेन खाली ठेवलं. "ह्ये खोटं हाय."

मी म्हटलं, पाइप काढून टाकू, भोकं बुजवू, कोणाला कळणार? "खोटं लिवून पानी थांबत न्हाय, पोरी." मग काय तुम्ही असेच खोकत बसणार? शेवटी म्हटलं, बरं, तो रकाना कोरा ठेवते, सही तर करा. मी बराच वेळ उभी राहिले तेव्हा सही केली. संपतराव — खाली एक सरळ रेघ. नेहमीसारखी.

शाळेत गेल्यावर त्या रकान्यात 'नहीं' लिहिलं. पेनानं. आणि पाठवून दिला. कोणाचा कोरा रकाना मी चालवून घेत नाही ना, म्हणून!



२० जुलै, रविवार

भाड्यानं कटर आणून युवराजनं पाइप कापला. ठिणग्या उडत होत्या. बोल्ट उपटले, भोकांत सिमेंट भरलं, वर काळा रंग फासला. आबा दम खात जिना चढून वर आले. टाकीला टेकून उभे. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मीच ओरडले. "तुमची मिरवायची हौस, म्हणून ही वेळ आली! आधी गुढी कठड्याच्या जाळीला बांधायचो तेच काय वाईट होतं?" युवराज म्हणाला, "स्वप्नाली, बस." आबा म्हणाले, "व्हय. माजीच चूक." एवढंच. कापलेला पाइप स्वतः उचलला आणि जिन्याखाली नेऊन उभा केला. पुसून ठेवला फडक्यानं.

मला रडू आलं पण रागानं.

२१ जुलै, सोमवार

जाळीला बांधायचो तेच काय वाईट होतं — असं मी म्हणाले. कसं म्हणाले मी?

२०१९ ला गुढी जाळीलाच होती. आंधी आली, वेळू सुटला, साडी आणि तांब्या खाली गटारात. मी तेव्हा तिसऱ्या महिन्यात होते. पुढच्या पंधरवड्यात जे झालं ते झालं. दवाखान्यातून घरी आले. कोणी काही विचारलं नाही. पडलेली गुढी आणि ते, दोन्ही माझ्या डोक्यात एकत्र झालं होतं, आणि घरात बोलायला बाईमाणूस नाही. आबा पेपर वाचत बसले होते. पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं, परत वर धरला. एक शब्द नाही. 'कशी आहेस' एवढंसुद्धा नाही.

सहा वर्षं झाली. सुखदा झाली, सगळं नीट झालं. पण तो वर धरलेला पेपर मी विसरलेले नाही. माफही केलेलं नाही. आज लिहून टाकलं.

२४ जुलै, गुरुवार

कंपनीचा माणूस आला, चौहान. सकाळपासून चोराच्या मनात चांदणं. तो गच्चीवर सरळ टाकीपाशीच गेला. वाकला. खिशातून चावी काढून काळा रंग खरवडला. खाली आमचं ताजं सिमेंट. त्यानं फॉर्म उलगडला. "आपने तो लिखा है, कोई छेद नहीं."

मी तोंड उघडणार तोच मागून आबांचा आवाज. कधी चढले जिना कळलंच नाही. छाती भात्यासारखी चाललेली. "छेद मैंने किए हैं. फॉर्म में भी गलती मेरी है. बहू को कुछ पता नहीं था."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आयुष्यात ज्यानं खोटी सही केली नाही, त्या माणसानं माझं खोटं स्वतःवर घेतलं. कंपनीच्या माणसासमोर! आणि मी उभी राहून ऐकलं. नाही म्हटलं नाही.

जाताना चौहान म्हणाला, "फाइल में पुराना भी कुछ लगा हुआ है, दो हज़ार बीस का. ऑफिस देखकर बताएगा." मला वाटलं, झालं, अजून काहीतरी निघालं आबांचं.

२५ जुलै, शुक्रवार

आबांशी बोलायचं होतं. नाही जमलं. त्यांच्या ताटात दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. एक परत आली.

२९ जुलै, मंगळवार

पाऊस. पाऊस. दोन पातेली, एक बादली. आबांचा पलंग दाराशी ओढला, तिथेही ओल. वाफ दिली. खोकता खोकता मला म्हणाले, "तुजी साळा बुडतीया." अशा वेळी यांना माझ्या शाळेची काळजी!

३ ऑगस्ट, रविवार

गावाहून हणमंतभाऊजींचा फोन, युवराजचे धाकटे भाऊ. "दादा, आबांना इकडं पाठवा. घर कोरडं हाय." युवराजनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुसरा काय उपाय?

आबांना सांगितलं. वाटलं होतं नाही म्हणतील. "बरं," म्हणाले. "तिकीट काढा." मग सासूबाईंचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि मागची जळमटं झाडू लागले. फोटो नेणार म्हणजे थोड्या दिवसांसाठी जात नाहीयेत. युवराज तोंड धुवायचं निमित्त काढून न्हाणीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

चौदा तारखेची गोवा एक्सप्रेस. निजामुद्दीनहून. साताऱ्याला भाऊजी उतरवून घेतील.

९ ऑगस्ट, शनिवार

सुखदा विचारते, "आजोबा वापस कब आएँगे?" मराठीत विचार, म्हटलं. तिनं विचारलं. मी तिच्या केसांत कंगवा फिरवत राहिले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आबांची बॅग भरली. सहा सदरे, दोन स्वेटर, औषधं, पेन्शनचं पुस्तक. चादरीची घडी अशी घालतात की कोपऱ्याला कोपरा! मी घातलेली घडी त्यांनी उलगडून पुन्हा घातली. हसू आलं. त्यांनाही आलं थोडं. किती दिवसांनी.

तेवढ्यात म्हणावंसं वाटलं — आबा, त्या फॉर्मवर 'नहीं' मी लिहिलं, तुम्हाला न सांगता. माझ्या तोंडून निघालं, "इनहेलर वरच्या खणात ठेवलाय." ते म्हणाले, "बरं."

१३ ऑगस्ट, बुधवार

कंपनीचं पत्र आलं फोनवर. दावा नामंजूर. छत में छेद की सूचना मालिक ने स्वयं दी थी, प्रति संलग्न. ती प्रत उघडली. १७ फेब्रुवारी २०२०. आबांचं अक्षर, सरळ रेघेतलं.

काम: लोहे का पाइप, चार बोल्ट.
मुझे बताया गया है कि इससे दस साल की वारंटी खत्म होगी. मंज़ूर है.
कारण: पिछले साल बहू की गुढ़ी आँधी में गिर गई. घर में दुख हुआ. अब गिरनी नहीं चाहिए.

शाळेच्या ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. अर्धी रजा टाकून घरी आले. पाइप कापून चोवीस दिवस झाले.

आबांची बॅग उघडली. सदरे आमच्या खोलीतल्या कपाटात लावले, फोटोला खिळा ठोकला. सुखदा आजोबांजवळ निजेल, मी आणि युवराज स्वयंपाकघरात. हे पहिल्याच दिवशी जमलं असतं.

आबा दारात येऊन उभे राहिले. "गाडी उद्याची हाय न्हवं?"

"पाडवा झाल्याशिवाय कुठं जायचं नाही, आबा," म्हटलं.